जोड न लपवणारी गाडी

जुन्या पिकअपच्या नशिबी आपल्याकडे दोनच गोष्टी असतात. मालकाला तिच्यावर अजून काही वर्षं काढायची असतील, तर गंजलेल्या पत्र्यात लांबी भरतात, घासतात, वरून चकचकीत पांढरा रंग मारतात आणि गाडी पासिंगला नेतात. काढायची नसतील, तर भंगारवाला येतो, गॅसकटर लावतो आणि संध्याकाळपर्यंत तिचं वजन किलोत सांगतो. हे पुस्तक तिसऱ्या वाटेचं आहे. गाडीचा टप कापून बुटका करायचा, सांगाडा जमिनीलगत आणायचा, दुसऱ्या-तिसऱ्या गाड्यांचे भाग तिला जोडायचे, बोनेट काढून इंजिन उघडं ठेवायचं आणि इतकं सगळं केल्यावर तिला रंग मात्र द्यायचा नाही. जुना रंग उरला असेल तेवढा राहू द्यायचा, गंजाचा डाग असेल तिथे असू द्यायचा, वेल्डिंगचा जोड दिसतो तसा दिसू द्यायचा. अशा गाडीला जगभर रॅट रॉड म्हणतात.

पहिल्यांदा अशी गाडी पाहणारा हमखास विचारतो, ‘काम अर्धवट का सोडलं?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या गॅरेजविद्येचा सगळा भर जोड न दिसण्यावर असतो. चांगला डेंटर कोण, तर ज्याने सरळ केलेलं दार उन्हात तिरक्या नजरेने पाहिलं तरी ठोकलेलं कळत नाही तो. रॅट रॉड करणारा नेमकं उलटं करतो. त्यामुळे त्याचं वेल्डिंग इतरांपेक्षा चांगलं असावं लागतं, कारण झाकायला त्याच्याकडे लांबी नसते. या प्रस्तावनेत मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे: गाड्यांना गाड्या जोडण्याची विद्या आपल्याकडे मुळीच नवी नाही, ती उजळ माथ्याने दाखवणं नवं आहे. आणि दाखवायची असेल तर ती आधी पक्की असायला हवी.

पुस्तक वेळापूरच्या परिसरातून आलं याचं मला नवल वाटलं नाही. वेळापूर बहुतेकांना ठाऊक असतं ते अर्धनारी नटेश्वराच्या यादवकालीन देवळामुळे आणि माउलींच्या पालखीच्या मुक्कामामुळे. वाहनांच्या अंगाने पाहिलं तर गावाची वेगळीच ओळख पुढे येते. आषाढीच्या तोंडावर दिंड्यांचे ट्रक, टेम्पो आणि पाण्याचे टँकर या रस्त्याने उतरतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर, जोडट्रॉल्या, अंगद म्हणतात त्या छोट्या ऊसगाड्या आणि टायरच्या बैलगाड्या. वेळापूरचा माळशिरस तालुका कारखान्यांचा. माळीनगरचा सासवड माळी शुगर १९३०च्या दशकातला, अकलूजचा सहकारी कारखाना त्यानंतरचा. बाहेरच्या माणसाला कारखान्यात साखर दिसते, पण गळीत संपलं की मिलचे रोलर, शाफ्ट, बेअरिंग सगळं उघडून पुन्हा जागेवर बसवणारी माणसं तिथे लागतात. लेथवरचा टर्नर, जाड प्लेटचं वेल्डिंग करणारा, मापात भोक पाडणारा फिटर ही जमात या पट्ट्यात सहज सापडते ती त्यामुळे. त्यांना आडवी-उभी रेषा डोळ्यांनी कळते. त्यातले काही संध्याकाळी गॅरेजवर बसतात, काहींची मुलं गॅरेजंच चालवतात.

शिवाय हवा. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. कोकणातल्या जीपचा तळ खाऱ्या दमट वाऱ्याने चाळण होतो. पत्रा वरून ठीक दिसतो आणि स्क्रू ड्रायव्हर टोचला की आरपार जातो. माणदेश-पंढरपूरकडे उभी राहिलेली गाडी वरून तांबूस होते, रंग उन्हाने खडूसारखा उडतो, पण पत्र्याचा जीव बराचसा शाबूत असतो. रॅट रॉडला हवा असतो तो असा, कातडीपुरता गंज. अमेरिकेतले हौशी लोक जुन्या गाड्या शोधायला ॲरिझोना, न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या राज्यांकडे धावतात तेही याच कारणाने.

अमेरिकेचं नाव आलंच आहे, तर मुळाकडे जाऊ. दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराजसारखी कोरडी तळी आहेत. सपाट, टणक, मैलोन्‌मैल मोकळी. १९३०च्या दशकात तिथली पोरं जुन्या फोर्ड गाड्या घेऊन वेगाच्या शर्यती लावायची. मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी लाखोंनी निघाली होती, पाठोपाठ मॉडेल ए आली, आणि भंगारात दोन्ही मातीमोल मिळत. वजन कमी व्हावं म्हणून मडगार्ड काढायचे, वारा अडू नये म्हणून टप कापायचा, काच बुटकी करायची. १९३२मध्ये हेन्री फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं. त्याआधी असं इंजिन श्रीमंतांच्या गाड्यांत असे. हे इंजिन भंगारात उतरू लागलं तसं ते हलक्या, जुन्या सांगाड्यांत बसू लागलं. याला पुढे हॉट रॉड म्हणू लागले. १९३७मध्ये शर्यतींना शिस्त लावायला सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन निघाली. महायुद्धातून परतलेल्या तरुणांच्या हातात वेल्डिंगचं कसब होतं, खिशात थोडे पैसे होते आणि बाजारात लष्कराचा टाकाऊ माल होता. बिल बर्क नावाच्या गड्याने तर लढाऊ विमानाची सुटी इंधनटाकी आणून तिच्यात चाकं आणि इंजिन बसवलं. १९४८च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक निघालं आणि पोरांचा उद्योग बघता बघता धंदा झाला.

धंदा झाला की चकाकी येते. १९५०पासून ओकलंडला रोडस्टरचं मोठं प्रदर्शन भरू लागलं, सर्वांत देखण्या गाडीला मानाचा चषक मिळू लागला. जॉर्ज बॅरिससारखे कारागीर वेगापेक्षा रूपाकडे वळले. टप कापलेल्या, जमिनीला टेकलेल्या, रंगाचे थरावर थर चढवलेल्या गाड्या त्यांनी घडवल्या. एड रॉथ फायबरच्या स्वप्नातल्यासारख्या गाड्या बनवी आणि ‘रॅट फिंक’ नावाचा डोळे वटारलेला गलिच्छ उंदीर चितारी. टॉम वुल्फ या पत्रकाराने १९६३मध्ये या मंडळींवर लिहिलं, आणि गॅरेजमधल्या कामाकडे कला म्हणून पाहायला शहरी वाचक शिकला. १९८०च्या दशकापर्यंत मात्र गोष्ट अशी झाली होती की उत्तम हॉट रॉड रस्त्यावर धावतच नसे. ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यायची, पुसायची, परत आणायची. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यांतून कोरून काढलेले भाग, आरशासारखा रंग आणि बँकेचं कर्ज.

त्याला वैतागलेल्यांनी उलटा रस्ता धरला. प्रायमरवरच थांबलेल्या, गंजक्या, ओबडधोबड, पण पळणाऱ्या गाड्या ते बनवू लागले. ‘हॉट रॉड’ मासिकात लिहिणारे ग्रे बास्करव्हिल यांच्याकडे रॅट रॉड या नावाचं श्रेय बहुधा दिलं जातं. नाव टिंगलीचं होतं की कौतुकाचं, यावर अजून वाद होतो. मला तो निरर्थक वाटतो. टिंगल असो वा कौतुक, लोकांनी ते नाव छातीवर मिरवलं, एवढं पुरेसं आहे.

या पंथातही पोटपंथ आहेत. नवख्याने ते ओळखावेत, नाहीतर पुस्तकातली अर्धी भांडणं डोक्यावरून जातील. पहिले परंपरावादी. त्यांच्या मते जुन्या काळात जे मिळत होतं तेच वापरावं. टायर, दिवे, कार्बुरेटर सगळं त्या काळचं. हे लोक स्वतःला रॅट रॉडवाले म्हणवून घ्यायला नाखूश असतात. दुसरे कातडी राखणारे. आतलं सगळं नवं, विश्वासाचं, आणि वरची साल, उडालेला रंग, एखाद्या दूधसंघाचं किंवा दुकानाचं पुसट झालेलं नाव जसंच्या तसं. तिसरे शिल्पकार म्हणावेत असे: ट्रॅक्टरची लोखंडी सीट, गिअरच्या जागी पाना, दाराला साखळी, रेडिएटरपुढे कसली तरी कवटी. यांच्यापैकी काहींच्या गाड्या सुंदर असतात, बऱ्याच नुसत्या आरडाओरडा करतात. चौथी, अलीकडे फोफावलेली डिझेलवाल्यांची शाखा, ट्रकचं कमिन्स इंजिन हलक्या जुन्या पिकअपमध्ये घालणारी. आपल्याकडच्या वाचकाला ही शाखा सर्वांत जवळची वाटेल, कारण आपला गावाकडचा सगळा वाहनसंसारच डिझेलवर चालला.

आणि पिकअपच का? फोर्डने कारखान्यातूनच हौद्यासकट पिकअप विकायला सुरुवात केली ती १९२५मध्ये. तेव्हापासून हे शेतकऱ्याचं, सुताराचं, दूधवाल्याचं वाहन. केबिन वेगळी, हौदा वेगळा, खाली शिडीसारखी चेसी वेगळी. तिन्ही गोष्टी नटबोल्टांनी जोडलेल्या. हौदा उतरवा, केबिन मागे सरकवा, चेसी मध्ये कापून लांब-आखूड करा. हे सगळं मोटारीपेक्षा सोपं पडतं. अलीकडच्या बहुतेक मोटारींना स्वतंत्र चेसीच नसते. तिथे पत्राच वजन पेलतो आणि तो कापला की गाडीचा कणा मोडतो.

आता घरचा इतिहास. अमेरिकेत ज्या गाड्यांच्या रॅट रॉड होतात, त्यांपैकी कित्येक मुंबईत जोडल्या गेल्या आहेत. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डचंही मुंबईत काम चाले. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियरमधून स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लिमथ बाहेर पडू लागल्या आणि फार्गो, डॉजचे ट्रक पुढे बरीच वर्षं आपल्या रस्त्यांवर दिसत. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली पहिली एसटी बेडफर्डची होती. पन्नाशीच्या दशकात सरकारचं धोरण ‘इथे बनवा, नुसती जुळणी नको’ असं ठरलं आणि अमेरिकन कंपन्या गाशा गुंडाळून गेल्या. गाड्या मात्र राहिल्या. सुटे भाग येणं बंद झालं आणि तिथून आपल्या मिस्त्रीचा खरा अभ्यास सुरू झाला. याचा भाग त्याला बसतो का, नसेल बसत तर काय घासावं लागेल, कुठे बुश टाकावा लागेल, याचं ज्ञान कुठल्याही छापील पुस्तकात नव्हतं.

दुसरी धार जीपची. महिंद्राने १९४७मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पेट्रोल महाग झालं तसं जीपवाल्यांना डिझेल हवंसं वाटू लागलं, आणि महिंद्राने स्वतःच्या इंटरनॅशनल ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवलं. या गोष्टीवर जरा थांबायला हवं. गॅरेजवाल्याने ट्रॅक्टरचं इंजिन गाडीत घातलं तर आपण त्याला जुगाड म्हणतो. कंपनीने घातलं तर मॉडेल म्हणतो. दोन्हींत फरक असतो तो चाचणीचा आणि जबाबदारीचा, कल्पनेचा नसतो. नंतर प्यूजोच्या तंत्राचं डिझेल इंजिन आलं, एमएम ५४० आली, कमांडर आली, आणि या गाड्यांनी वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, रूपाने पश्चिम महाराष्ट्र चालवला. बजाज टेम्पोच्या मॅटाडोर आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या घराण्यातलं डिझेल इंजिन होतं. त्या इंजिनाचा जीव इतका मोठा की गाडी कुजली तरी ते उतरवून अँबेसिडरमध्ये बसवत. टेल्कोची ४०७ १९८६ची, टाटामोबाईल १९८८ची. आज भंगाराच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या आपल्या पिकअप बहुतेक याच घराण्यांतल्या.

तेव्हा वेगवेगळ्या गाड्यांचं एक शरीर करणं ही आपल्याकडची रोजची गोष्ट. तिला नाव नव्हतं आणि कौतुक नव्हतं. ते पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मिळालं २०२१च्या डिसेंबरात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. तिचं चित्रीकरण देशभर फिरलं. आनंद महिंद्रांनी जाहीरपणे तिची वाखाणणी केली, नियमांत ती बसणार नाही हेही सांगितलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती दिलीही. बातम्यांनी यातली बोलेरो लक्षात ठेवली. मला लक्षात राहतो तो त्या जीपचा पत्रा: रंगवलेला, नीटस, पुढे महिंद्रासारखी जाळी. लोहारांनी बनवलं ते स्वतःचं, आणि दिसायला हवं होतं ते कंपनीसारखं. आपल्या कारागिराची सगळी धडपड आजवर अशीच राहिली आहे.

इतर ठिकाणी या हौसेला वेगवेगळी वळणं लागली. हरियाणाच्या मंडी डबवालीत लष्करी लिलावातल्या जीपांना नटवून विकण्याची मोठी बाजारपेठ उभी राहिली. रुंद टायर, लखलखीत बंपर, लग्नाच्या वरातीला शोभेल असा थाट. मुंबईत दिलीप छाब्रियांनी १९९०च्या दशकापासून श्रीमंतांच्या गाड्यांना नवी शरीरं दिली. मोटरसायकलींत मुंबईच्या अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देंची’ने बुलेटची रूपं पालटली. हे सगळं मोलाचं, पण सगळं चकाकीच्या बाजूचं. गंज राखून ठेवणारा मराठी माणूस अजून विरळा, आणि त्याची कारणं सौंदर्यदृष्टीत शोधू नयेत. ज्याने आयुष्यभर जुनीच गाडी नाइलाजाने वापरली, त्याला जुनेपणा मिरवण्यात काय गंमत वाटणार? अमेरिकन हौशाला गंज निवडता येतो. ऊसतोडीच्या मुकादमाच्या वाट्याला तो आपोआप येतो. हा आक्षेप लेखकांनी टाळलेला नाही, आणि त्याचं पूर्ण उत्तर त्यांच्याकडे आहे असंही मला वाटत नाही. पण ते एक गोष्ट दाखवतात. त्यांची गाडी पाहायला आलेली माणसं रंगाची चौकशी करत नाहीत. ‘हा जोड कुणी मारला?’ असं विचारतात. चकाकत्या गाडीबद्दल हा प्रश्न कधी विचारला जात नाही.

कामाचा गाभा कुठे आहे तेही थोडक्यात सांगतो. अकलूजच्या घोडेबाजारात जाणकार आधी पाय पाहतो आणि आयाळ शेवटी. जुनी पिकअप घेताना तसंच खाली वाकून चेसी आधी पाहावी. स्प्रिंग-पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी, स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे आणि आडव्या पट्ट्यांच्या जोडावर चीर गेलेली असते. चीर दिसली की तिच्या टोकाला भोक पाडतात, म्हणजे ती पुढे सरकत नाही, मग वेल्ड करतात. चेसी कापून जोडायची असेल तर सरळ आडवा जोड मारून भागत नाही, त्यावर पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची प्लेट चढवावी लागते. ताण एका रेषेत एकवटला की लोखंड तिथेच मोडतं.

गाडी खाली बसवणं दिसायला सोपं. पाटे ॲक्सलच्या वर असतील तर खाली घ्या, गाडी बरीच खाली येते. पण मग खड्ड्यात ॲक्सल उसळून चेसीला धडकतो, म्हणून चेसीला तिथे कमानीसारखी खाच द्यावी लागते आणि आतून मजबुती. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात. स्टिअरिंगच्या दांड्या तिरक्या होतात आणि खड्डा आला की गाडी आपोआप एका बाजूला वळते. एकेक बदल तीन नवे बदल मागतो.

टप कापण्याची गंमत वेगळी. दोन बोटं उंची काढली की वरचा टप खालच्या खांबांवर बसतच नाही, कारण पुढचे खांब मागे कललेले असतात. एकतर खांब अजून कलवायचे किंवा टप मधून कापून लांब करायचा. जुन्या जीपघराण्यातल्या गाड्यांची काच जवळजवळ उभी आणि सपाट असते, म्हणून इथे आपल्याला अमेरिकनांपेक्षा कमी त्रास. काच मात्र लॅमिनेटेड असेल तरच कापता येते. टफन्ड काचेला कटर लावला की तिचा चुरा होतो.

गंज राखायचा म्हणजे वाढू द्यायचा असं नाही. सुटा गंज ब्रशने काढायचा, पत्रा धुऊन वाळवायचा, आणि वर अळशीचं तेल किंवा चमक नसलेला पारदर्शक लेप द्यायचा. फॉस्फरिक आम्लाचं औषध गंज थांबवतं पण पत्रा काळा करतं, म्हणून ते आतल्या बाजूला. मीठ-व्हिनेगर फवारून नव्या पत्र्याला जुनं करणारेही आहेत. लेखक त्याची कृती देतात. मी ते पान फाडलं असतं. उन्हाने वीस वर्षं घेऊन केलेलं काम बाटलीतून आणायचं असेल, तर लांबी भरणाऱ्या डेंटरला नावं ठेवण्याचा आपल्याला अधिकार राहत नाही.

पत्र्याखाली मात्र गंजाला थारा नाही. ब्रेक, स्टिअरिंग, इंधनाच्या नळ्या, वायरिंग, पट्टे हे नवं, मापातलं, कंपनीचं. रिकाम्या हौद्याची पिकअप मुळातच मागे हलकी. हौदा आखूड केला की ती आणखी हलकी होते आणि जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी जाम होऊन गाडी फिरते. म्हणून मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो, आणि जुन्या एकेरी मास्टर सिलिंडरच्या जागी दुहेरी. जगभरात रॅट रॉडची बदनामी झाली ती ओंगळ दिसण्याने नव्हे, तर पत्र्यावरचा हलगर्जीपणा सांगाड्यातही शिरलेल्या गाड्यांनी.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं, कारण याविषयी गॅरेजांत भलत्याच समजुती असतात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार कंपनीने मूळ ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आणली. डिझेल-पेट्रोलऐवजी बॅटरी किंवा सीएनजी मान्य संचाने बसवायला वाट आहे, अपंग चालकासाठी गाडी बदलायलाही आहे. टप कापायला नाही. जुन्या गाड्यांसाठी जुलै २०२१मध्ये ‘व्हीए’ मालिकेची खास नोंदणी आली, पण ती पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना. चेसी किंवा शरीर बदललेल्याला तिथे प्रवेश नाही. थोडक्यात, एमएच-४५च्या पाटीसह रॅट रॉड घेऊन अकलूजच्या बाजारात जाता येणार नाही. ती शेतातल्या रस्त्यावर, खासगी आवारात, प्रदर्शनात चालवावी. लेखकांनी त्यांची गाडी तशीच ठेवली आहे आणि पहिल्याच पानांत हे सांगून टाकलं आहे, हा मला या पुस्तकाचा मोठा गुण वाटतो.

यावर दुसऱ्या देशांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टरचा तुटवडा पडला, शेतकऱ्यांनी जुन्या मोटारी कापून त्यांचे ट्रॅक्टर केले. सरकारने त्यांना नोंदणीचा स्वतंत्र वर्ग दिला. आज त्या वर्गातली गाडी ताशी ३० किलोमीटरच्या मर्यादेत पंधरा वर्षांचं पोर चालवतं, आणि गावोगावच्या मुलांचा पहिला पाना तिच्यावरच फिरतो. आपल्याकडे अंगद आणि जोडट्रॉल्यांच्या रूपाने तसा वर्ग अस्तित्वात आहेच, फक्त कागदावर त्याकडे कुणी नीट पाहिलेलं नाही.

हे पुस्तक आत्ताच का यावं? २०२१च्या स्क्रॅप धोरणानंतर जुनी वाहनं मोडीत काढण्यावर भर आला आहे. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. मालवाहू पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतोच. धुराचा विचार करता हे योग्य आहे. जुनं डिझेल इंजिन रोज शहरात धावावं असं माझं म्हणणं नाही. पण गाडीबरोबर तिची विद्याही क्रशरमध्ये जाते. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ गाडीचा दोष संगणकाला जोडूनच कळतो आणि भाग दुरुस्त न होता बदलला जातो. इंजेक्टरच्या आवाजावरून कुठला सिलिंडर मारत नाही हे सांगणारा मिस्त्री पुढच्या पिढीत कुठून येणार? पालखी मार्ग चौपदरी होतो आहे, रस्त्याकडेची कामं बदलताहेत, आणि जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली राहायला पोरं तयार नाहीत. आयटीआयच्या अभ्यासक्रमात जे बसत नाही, ते कुठेतरी नोंदलं जायला हवं होतं.

ते काम हे पुस्तक करतं, हा त्याचा दुसरा आणि माझ्या मते मोठा उपयोग. एका जुन्या महिंद्रा पिकअपचं रूपांतर हा त्याचा धागा आहे, पण प्रत्येक टप्प्यावर लेखक थांबतात आणि हे काम करणारा माणूस काय पाहतो, कशाला हात लावून अंदाज घेतो, कुठला शब्द वापरतो ते टिपतात. लेथवाला, वेल्डर, पाटेवाला, वायरमन, भंगारवाला प्रत्येकाची बोली वेगळी आहे आणि ती त्यांनी पुस्तकी केलेली नाही. मापं दिली आहेत, खर्च दिला आहे, कुठला भाग कुठल्या गाडीचा कुठे बसतो त्याच्या याद्या आहेत. चित्रं ढोबळ आहेत. हाताने काढलेली, काही तर खडूने जमिनीवर काढून मग उतरवलेली. ती तशीच छापायचा आग्रह लेखकांचा होता आणि तो योग्य होता.

उणिवाही आहेत. इंजिनावर लेखकांचं प्रेम इतकं आहे की स्टिअरिंगला त्या मानाने कमी जागा मिळाली. अमेरिकन गाड्यांची नावं वाचकाला पाठच असतील असं त्यांनी धरलं आहे. गॅरेजातल्या कामगाराच्या सुरक्षेबद्दल त्यांनी लिहिलं आहे ते खरं आहे, पण मी ते ठळक अक्षरांत छापलं असतं. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला वेल्डिंग केलं की निघणाऱ्या जस्ताच्या धुराने रात्री ताप भरतो, जुन्या ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असतो, आणि रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. चष्म्याविना ग्राइंडर चालवणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

वाचायला सुरुवात कुठून करावी याबद्दल लेखकांशी माझं एकमत नाही. त्यांनी टप कापण्याचं प्रकरण पुढे ठेवलं आहे, कारण वाचक त्यासाठीच पुस्तक उघडतो. माझी शिफारस ब्रेकपासून सुरू करण्याची आहे. ते प्रकरण कंटाळवाणं वाटलं तर टप कापायला घेऊ नये. पुस्तक शेजारच्या एखाद्या फिटरला द्यावं.